चिखलाची किंमत : ठाण्याच्या खाडीचा इतिहास

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. तिथून अरबी समुद्र चारशे किलोमीटरहून दूर. अशा गावातल्या वर्गात ‘खाडी’, ‘खाजण’, ‘खारफुटी’ हे शब्द आले की मुले ते पाठ करतात आणि विसरून जातात. त्यांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे सिद्धेश्वर किंवा येलदरीचे धरण. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन कशी असते, हे फळ्यावर चित्र काढून सांगणे अवघडच.

पण एक धागा या मुलांच्याही घरात आहे. तो म्हणजे मीठ. समुद्रकाठच्या खाजणातला सपाट चिखल, त्यावर चढणारे उधाणाचे पाणी आणि ऊन या तिन्हींच्या जोरावर कोकणात शेकडो वर्षे मीठ पिकत आले. मीठ ‘पिकते’ हा शब्दही मीठागरांतलाच. ज्या चिखलाने हे मीठ दिले, त्याच चिखलाला सरकारी कागदांनी बराच काळ पडीक म्हटले. पुढे तोच चिखल कायद्याने राखायचे ठरले आणि २०२२ साली त्याचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. हा प्रवास ठाण्याच्या खाडीचा आहे. भूगोल, इतिहास, विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे चारही विषय त्यात एकत्र येतात, म्हणून तो शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे.

चिखल येतो कुठून?

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या पश्चिमेला मुंबई, पूर्वेला नवी मुंबई. उत्तर टोकाला, ठाणे शहराजवळ, ती एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे आणि दक्षिणेला मुंबई बंदरात रुंदावत जाते. उल्हासचे बरेचसे पाणी वसईच्या खाडीकडे वळते. त्यामुळे ठाण्याच्या खाडीत नदीचा रेटा कमी आणि समुद्राच्या भरती-ओहोटीचा अंमल जास्त.

आजूबाजूच्या डोंगरांचा खडक आहे काळा बेसॉल्ट, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या पायाखालचाच दगड. तो झिजून बारीक माती होते, ती पावसात वाहून खाडीत येते. गोड्या पाण्यात हे चिकणमातीचे कण तरंगत राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम यांचे धन आयन हा भार झाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड झाल्याने ते तळाला बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर घडते ते याच जातीचे. म्हणून नदी समुद्राला भेटते तिथेच चिखल साचतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी साडेचार मीटरहूनही वर चढते. उतार अगदी मंद असल्यामुळे ओहोटीला शेकडो मीटर रुंदीचा चिखल उघडा पडतो. या चिखलाचे तीन थर मुलांना समजावून सांगता येतात. सर्वांत खाली, दिवसातून दोनदा बुडणारा, झाडे नसलेला मोकळा चिखलपट्टा. त्याच्या वर तिवर, चिपी, कांदळ या खारफुटींची रांग. आणि त्याच्याही मागे, केवळ मोठ्या उधाणालाच भिजणारी खारट जमीन. इथे मोरससारख्या मांसल पानांच्या बुटक्या वनस्पती वाढतात. किनाऱ्यावरचे लोक मोरसची भाजीही करतात.

मोकळा चिखलपट्टा दिसायला ओसाड. पण त्याच्या वरच्या पातळ थरात सूक्ष्म शैवालांचा आणि जीवाणूंचा थर असतो. त्यावर किडे, शिंपले, खेकडे जगतात, निवट्या नावाचा मासा त्या चिखलावर सरपटतो, आणि हे सारे खायला पक्षी येतात. चिखल्या, तुतवार, शेकाट्या यांच्या चोचींची लांबी वेगवेगळी असते, म्हणून एकाच चिखलात ते वेगवेगळ्या खोलीवरचे अन्न शोधतात. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हे गणित शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. त्यांची उपजीविका त्यावरच होती.

आगर, खार आणि बांध

माणसाने या जमिनीचा पहिला मोठा उपयोग केला तो बांध घालून. खाजणाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला की भरतीचे पाणी अडते. पावसाळ्यात जमिनीतला क्षार धुऊन निघतो आणि खाऱ्या जमिनीत टिकणारे भात घेता येते. याला ‘खार’ म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे मीठागर. पावसाळा संपला की उधाणाचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू द्यायचे. ‘आगर’ या शब्दावरूनच ‘आगरी’ हे समाजाचे नाव आले असे मानतात. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, वडाळा या आजच्या उपनगरांत अशी मीठागरे पसरलेली होती.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मीठागर आणि खार यांनी चिखलाचे रूप बदलले, पण त्याचा पाण्याशी संबंध पूर्ण तोडला नाही. मीठागरात उधाणाचे पाणी येतच राहिले, पक्षी येत राहिले आणि अतिवृष्टीचे पाणी पसरायला जागाही राहिली.

मिठावर ब्रिटिश सरकारने कर लावला आणि मीठ हा राजकारणाचा विषय झाला. १९३० च्या सविनय कायदेभंगात दांडीचे नाव आपण शिकवतो. त्याच वर्षी मे आणि जूनमध्ये मुंबईत वडाळ्याच्या मीठागरांवर सत्याग्रहींनी पुन्हा पुन्हा धडक दिली आणि लाठ्या खाल्ल्या. सिंधुदुर्गातल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. १९४७ साली मीठकर रद्द झाला. स्वातंत्र्यलढ्याचा हा अध्याय ज्या जमिनीवर घडला ती खाजणाची जमीन होती, हे पाठ्यपुस्तकात सहसा सांगितले जात नाही.

‘पडीक’ या शब्दाची ताकद

मुंबई सात बेटांची होती हे सर्वांना माहीत असते. ती बेटे एक कशी झाली, याचे उत्तर चिखल आणि उथळ खाडी बुजवून असे आहे. १७८४ च्या सुमारास वरळीची खिंड बांधाने बंद झाली, १८४५ साली माहीमचा रस्ता झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी ती ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली. १८७३ साली बंदराचा कारभार पाहणारे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाले आणि पूर्व किनाऱ्यावर गोद्या व भराव वाढत गेले.

या सर्व कामांमागे एक समजूत होती : ज्या जमिनीवर नांगर चालत नाही आणि जहाजही चालत नाही, ती वाया गेलेली जमीन. महसूल खात्याच्या दृष्टीने खाजण म्हणजे बांध घालून लागवडीखाली आणायची जागा. स्वातंत्र्यानंतरही हा दृष्टिकोन बदलला नाही. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. शेतकऱ्याचे शेत खाऱ्या पाण्यापासून वाचवणे हा त्यांचा हेतू रास्तच होता. पण समुद्राचे पाणी म्हणजे शत्रू, ही त्यातली गृहीत गोष्ट कुणी तपासली नाही.

शहराने मात्र याहून पुढची पायरी गाठली. १९२७ पासून देवनारला, खाडीच्या काठावरच, मुंबईचा कचरा पडू लागला. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची रांग उभी राहिली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पूर्व काठावर नवी मुंबई वसू लागली. १९७३ साली वाशीचा पूल झाला. दोन्ही काठांवरचे सांडपाणी खाडीत येऊ लागले. कोळ्यांच्या जाळ्यात मासे कमी आणि प्लास्टिक जास्त येऊ लागले. खारफुटी जळणासाठी, भरावासाठी, झोपड्यांसाठी तुटत गेली. ज्याला पडीक म्हटले, ते खरोखरच पडीक करून दाखवण्याचा हा काळ होता.

गुलाबी पाहुणे

आणि याच काळात एक अनपेक्षित घटना घडली. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने दिसू लागले. मराठवाड्यातल्या शिक्षकांना हा पक्षी अगदीच अपरिचित नाही. जायकवाडीच्या नाथसागरावर तो हिवाळ्यात येतो. तिथे येतो तो मोठा रोहित. ठाण्याच्या खाडीत मात्र छोट्या रोहितांची संख्या फार मोठी असते.

रोहित आपली चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांच्या चाळणीतून बाहेर सोडतो. अन्न आत अडकते. छोट्या रोहिताची चाळणी अधिक बारीक असल्याने तो मुख्यतः सूक्ष्म शैवालांवर जगतो. त्या शैवालांतल्या कॅरोटीन जातीच्या रंगद्रव्यांनीच त्याची पिसे गुलाबी होतात.

आता प्रश्न असा, की खाडी घाण होत असताना हे पक्षी का आले? अनेक अभ्यासकांच्या मते कारण त्या घाणीतच आहे. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतात. ते शैवालांचे खत. साचत्या गाळाने चिखलपट्टेही वाढले. अन्न आणि बसायला जागा दोन्ही मिळाल्यावर पक्षी आले. पण यावरून सांडपाणी पक्ष्यांना चांगले, असा निष्कर्ष वर्गात कुणी काढला तर त्याला थांबवायला हवे. ज्या पाण्यात शैवाल फोफावते त्यात प्राणवायू कमी पडून मासे मरतात, आणि कारखान्यांतले जड धातू त्याच चिखलात साठत जातात. एका जातीची भरभराट म्हणजे सगळ्या परिसराचे आरोग्य नव्हे. पर्यावरणाचा हा फार महत्त्वाचा धडा आहे आणि तो ठाण्याच्या खाडीइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसतो.

हे पक्षी येतात कुठून, याचे उत्तर बरेच आधी मिळू लागले होते. कच्छच्या रणात रोहितांची प्रचंड वसाहत आहे. १९४५ साली सलीम अली यांनी तिला भेट देऊन तिथे काही लाख पक्षी असल्याचा अंदाज केला होता. अलीकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा मुंबईचे पक्षी गुजरातेत पोचल्याचे दिसले. याच संस्थेच्या जानेवारी २०१९ च्या गणनेत मुंबई परिसरात एक लाखाहून अधिक रोहित मोजले गेले.

कायदा येतो

चिखलाच्या बाजूने पहिला मोठा कायदेशीर आधार १९९१ साली मिळाला. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला केंद्र सरकारने किनारपट्टी नियमनाची अधिसूचना काढली आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्याला व खारफुटीला विशेष संरक्षण दिले. पण कागदावरचे संरक्षण प्रत्यक्षात येत नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. पाण्याला पसरायची जागाच उरली नव्हती, हे तेव्हा सर्वसामान्य माणसालाही कळले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला एका जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरात खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम रोखले. २०१२ साली वनखात्यात खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष झाला. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला असल्याचे म्हटले. २०२० साली पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरला.

६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. त्यातले ८९६ हेक्टर खारफुटीचे आणि बाकीचे पाण्याचे व चिखलाचे. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ साली ते, त्याच्या भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यासह, एकूण सुमारे ६५२१ हेक्टर, रामसर यादीत गेले. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातून त्याआधी नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांची नावे या यादीत गेली होती. लोणार तर हिंगोलीकरांच्या शेजारचेच.

पक्षी नकाशा वाचत नाहीत

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण अभयारण्याची हद्द ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यान आहे. रोहितांना ज्या शिवडीने प्रसिद्धी दिली ती शिवडी या हद्दीच्या बाहेर राहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्याच चिखलावरून निघतो.

दुसरी अडचण भरतीची. ओहोटीला पक्षी चिखलावर चरतात. भरतीला तो चिखल बुडतो, तेव्हा त्यांना टेकायला उथळ तळी आणि मीठागरे लागतात. भांडुपची मीठागरे, नेरूळ-सीवूड्सची तळी यांसाठीच महत्त्वाची. यातल्या बऱ्याच जागा अभयारण्याबाहेर आहेत. एखाद्या तळ्यात येणारे भरतीचे पाणी बंद झाले की ते सुकते किंवा कोंडते आणि पक्ष्यांना रात्री-अपरात्री जागा बदलावी लागते. २० मे २०२४ रोजी उतरणाऱ्या विमानाला थवा धडकून घाटकोपर भागात चाळीसच्या आसपास रोहित मेले. एकाच घटनेला एकच कारण चिकटवणे बरोबर नाही. पण विश्रांतीच्या जागा कमी झाल्या की पक्ष्यांची ये-जा वाढते, एवढे तर्काला धरून आहे. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची सुमारे २५६ एकर मीठागर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घेण्याचा निर्णय केला. घर हवेच असलेली माणसे आणि पाणी पसरायला हवी असलेली जागा, असा हा पेच आहे. त्याचे सोपे उत्तर नाही. पण निदान ती जमीन मोकळी पडून होती असे म्हणू नये.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. गाळ साचल्यामुळे खाडीत खारफुटी मोकळ्या चिखलपट्ट्यांवर पुढे सरकते आहे. झाड वाढले की आपल्याला बरे वाटते. पण रोहिताला आणि तुतवारांना झाडी नको, मोकळा चिखल हवा. ‘पडीक’ समजण्याची जुनी सवय इथे नव्या वेषात येते : ज्या जागी हिरवे काही नाही तिथे झाडे लावावीत! चिखलाला चिखल म्हणूनच राखणे आपल्याला अजून शिकायचे आहे.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग मातीचा. शेतातली काळी माती बादलीभर पाण्यात ढवळा. दहा मिनिटांत जाड कण खाली बसतील. वरचे गढूळ पाणी दोन सारख्या पेल्यांत घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा. तास-दोन तासांनी दोन्ही पेल्यांची तुलना करा. मिठाचे पाणी लवकर निवळेल. खाडीत चिखल का साचतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.

दुसरे गणित. कोळी लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा का येते, याचा शोध मुलांनी चंद्राच्या उगवण्याच्या वेळेवरून घ्यावा. त्यासाठी समुद्र लागत नाही, अंगण पुरते.

तिसरे काम नकाशाचे. औंढा तालुक्यातल्या ओढ्याचे पाणी बोटाने पुढे नेत चला. पूर्णा, मग गोदावरी, मग नांदेड, तेलंगणा, आंध्र, आणि शेवटी बंगालचा उपसागर. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, १९७८ साली जाहीर झालेले कोरिंगा अभयारण्य आहे. तेही चिखल आणि खारफुटीचेच. त्या चिखलात आपल्या वावरातून वाहून गेलेली काळी माती आहे. मग वाटेतल्या धरणांत किती गाळ अडत असेल, आणि तो न मिळाल्याने त्रिभुज प्रदेशाचे काय होत असेल, हे प्रश्न मुले आपणहून विचारतील. येलदरीचे धरण पाहिलेल्या मुलांना ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

गावातही अशी जागा असतेच. पावसाळ्यात भरणारे डबके, नाल्याकाठची पाणथळ, गावतळ्याचा गाळाचा काठ. तिच्या सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराब’ असे लिहिलेले असते. तिथे वर्षभरात काय काय येते, उगवते आणि मुरते, याची नोंद सातवीच्या वर्गाने ठेवली, तर त्या शब्दाचा खरेपणा मुलांना स्वतःच तपासता येईल.